चार तास सरकलेला मंगळवार

"पोहायला कोण कोण येतंय?" चिमणीनं टॉवेल खांद्यावर टाकून विचारलं.

कुणीच हललं नाही.

"अरे, ठरलंय ना आपलं! आज शुक्रवार, शुक्रवारी नदी! मी होडीसुद्धा केलीय!"

"तू जा," खटपट्या म्हणाला. तो दाराच्या पायरीवर बसून एका मेलेल्या रेडिओच्या पोटात स्क्रू-ड्रायव्हर खुपसत होता. "वकीलबाई येणार नाहीत. त्यांचं आजचं काम झालंय. एका माणसाला घरी बसवून."

भिंतीकडे तोंड करून बसलेली वकील गर्रकन वळली. "मी खोटं बोलले का? सांग ना, एक तरी शब्द खोटा बोलले का?"

"खोटं नाही बोललीस. जास्त बोललीस!"

ही तिघं मावसभावंडं. सुट्टीत मामाकडे आलेली, भारतापासून दूर समुद्रातल्या एका बेटावर. मामा जनावरांचा डॉक्टर. पुढे सरकारी दवाखाना, मागे त्याचं घर, मधे एक मोठं झाड. वकील तेरा वर्षांची. हिला बोलायला कुणी शिकवावं लागलं नव्हतं, आणि थांबायला कुणी शिकवलंच नव्हतं, म्हणून घरात तिचं नाव वकील. खटपट्या बाराचा. त्याची सख्खी धाकटी बहीण चिमणी नऊची, सदा चिवचिव.

झालं होतं ते असं. दवाखान्यात गुरांच्या लसी ठेवायची एक थंड खोली होती. सकाळी आठ ते बारा ती मामाच्या ताब्यात, बारा ते सहा स्वेटरमावशींच्या. बावीस वर्षं त्या खोलीत ये-जा करून मावशींच्या हाडांत गारठा बसला होता. भर उन्हाळ्यातही अंगात स्वेटर, म्हणून हे नाव. चिडायच्या नाहीत. उलट पोरांना सांगायच्या, "माझा उन्हाळा दाराच्या बाहेर थांबतो गं, मी येईपर्यंत!"

तर मंगळवारी त्या खोलीचं दार तासभर उघडं राहिलं. सहाशे वासरांची लस वाया गेली. मुख्य कार्यालयाचा कागद आला. खोलीतल्या यंत्रानं मामाच्या कॉम्प्युटरमधून तिकडे कळवलं होतं : दार १३:१५ ला उघडलं, १४:२० ला बंद झालं. म्हणजे दुपारी सव्वाएक ते दोन वीस. म्हणजे मावशींची वेळ.

बुधवारी तपासणीच्या बाई आल्या. मावशी म्हणाल्या, "मी दार उघडं टाकलं नाही. मी आले तेव्हा—"

आणि तिथे वकील मधेच बोलली. कुणी विचारलं नव्हतं तिला! खिडकीबाहेर उभी होती, तिथूनच म्हणाली, "मंगळवारी दीड वाजता मावशी आमच्याबरोबर झाडाखाली होत्या. डबा खात होत्या. मी घड्याळ पाहिलं होतं!"

बाईंनी लगेच लिहून घेतलं. "शाबास. चौकस मुलगी आहे," असंही म्हणाल्या. मावशींचं वाक्य अर्धं राहिलं ते राहिलंच. गुरुवारी मामानं त्यांच्याकडून चावी घेतली. आज चार वाजता बाई परत येणार होत्या, मावशींना कायमचं काढल्याच्या कागदावर सही घ्यायला. चार वाजले की संपलं.

"मावशींनी जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही," वकील हळूच म्हणाली.

चिमणीला असलं गप्प वातावरण सोसत नाही. तिनं कागदाची होडी वर धरली. "बघा तरी! केवढी मोठी केलीय! मामाच्या टोपलीतला कागद. एकवीस पन्नास, एकवीस पन्नास, एकवीस पन्नास... हे काय लिहिलंय ग?"

"आण इकडे!" वकिलीनं होडी हिसकली.

"माझी होडी!"

होडीची घडी मोडली. आत तोच कागद निघाला, मुख्य कार्यालयाचा. दहा दिवसांत थंड खोलीचं दार कधी उघडलं, कधी मिटलं, सगळं ओळीनं छापलेलं. मोठ्यांनी फक्त लाल रेघेखालची एक ओळ वाचली होती आणि उरलेला कागद टोपलीत टाकला होता. कामाची माणसं ना सगळी!

"एकवीस पन्नास म्हणजे रात्रीचे दहाला दहा कमी," खटपट्या म्हणाला. "दवाखान्याला तर सहाला कुलूप लागतं!"

"चोर!" चिमणी ओरडली.

"हळू!"

"चोर," चिमणी कुजबुजली. "लसचोर!"

वकिलीनं बोट ओळीवरून फिरवलं. "रोज? बरोबर दहाला दहा कमी असताना? एक मिनिट आत आणि बाहेर? हा चोर आहे की शाळेची घंटा?"

"शिस्तीचा चोर," खटपट्या म्हणाला, पण त्याचा स्क्रू-ड्रायव्हर थांबला होता. "थांब. रोज ठरलेल्या वेळी एक मिनिट कोण जातं आत?"

"मावशी," वकील म्हणाली. "बंद करायच्या आधी बाटल्या मोजतात. पण ते संध्याकाळी. सहाला दहा कमी असताना."

ती बोलता बोलता थांबली. असं फार वेळा होत नाही.

"आणि सकाळचं बघ. बाराच्या आधी एकही ओळ नाही. दहा दिवसांत एकदाही नाही! मामा तर रोज आठ वाजता लस काढतो. मी स्वतः बघितलंय."

"पहिली ओळ किती वाजता?"

"बारा. रोज बारा, बारा एक, बारा दोन."

"आठचे बारा. सहाला दहा कमीचे दहाला दहा कमी." खटपट्यानं बोटांवर मोजलं. "चार तास. दोन्हीकडे चार तास! अगं, चोरबिर कोणी नाही. अख्खा दिवसच चार तास पुढे सरकलाय!"

"मग मंगळवारचा सव्वाएक..." चिमणीनंही बोटांवर मोजलं. "सव्वानऊ?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. सव्वानऊला खोली मावशींच्या ताब्यात नसते. सव्वानऊला ती मामाच्या ताब्यात असते.

"आई गं," वकील म्हणाली.

मामा दवाखान्यात चष्मा शोधत होता. चष्मा डोक्यावर होता.

"मामा, तुझ्या कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलंय," वकील म्हणाली.

"काय बोलतेस!" मामानं पडद्याच्या कोपऱ्यावर बोट आपटलं. "अकरा चाळीस. भिंतीवर बघ. अकरा चाळीस. झालं समाधान? नवं मशिन आहे, पंधरा दिवसांपूर्वी आलंय. आणि हात लावायचा नाही! तुम्ही हात लावाल आणि मुख्य कार्यालय मला हात लावेल."

तिघं बाहेर आली. घड्याळ तर बरोबर होतं, सेकंदाला सेकंद. मग कागद का चुकला?

"वर दिसतं ते खरं असेलच असं नाही," खटपट्या म्हणाला. "शाळेत सरांनी काळी खिडकी शिकवलीय. तिच्यात चित्रं नाहीत, काही नाही. नुसतं लिहून विचारायचं आणि ते लिहून उत्तर देतं. मला दहा मिनिटं द्या त्या खुर्चीवर."

"बदलायचं काहीही नाही," वकील म्हणाली. "नाहीतर म्हणतील, पोरांनीच बिघडवलं. फक्त विचारायचं."

"फक्त विचारायचं. पण मामा उठेल कसा?"

दोघांनी चिमणीकडे पाहिलं. चिमणीनं शेजारच्या खुराड्याकडे पाहिलं.

पाचच मिनिटांत काखेत एक तांबडी कोंबडी घेऊन ती दवाखान्याच्या अंगणात उभी होती आणि गळा काढून रडत होती. "मामाऽऽ! हिचा पाय बघ नाऽऽ! लंगडतेय!"

मामा माणसांच्या बाबतीत कितीही विसराळू असो, आजारी प्राणी म्हटलं की पळतच सुटायचा. आला. कोंबडीला खाली ठेवलं. कोंबडी ताठ मानेनं सरळ चालत गेली.

"कुठे लंगडतेय?"

"डावीकडे वळल्यावर लंगडते."

मामा तिच्यामागे डावीकडे वळला. कोंबडी उजवीकडे पळाली!

तोवर खटपट्या खुर्चीवर होता. काळी खिडकी उघडली. वकील दारात पहारा देत होती आणि मान वळवून वळवून बघत होती.

"आधी विचारू, तुला कुणी वेगळी वेळ सांगून ठेवलीय का." त्यानं echo $TZ असं लिहिलं. पडद्यावर नुसती कोरी ओळ आली.

"काही नाही म्हणतंय! आता?"

"धीर धर. कोरं म्हणजे कुणी काही सांगितलेलं नाही, एवढंच. आता साधं विचारतो." त्यानं date लिहिलं. उत्तर आलं. वार, तारीख, अकरा बावन्न. आणि वेळेच्या शेजारी तीन अक्षरं : UTC.

खटपट्या खुर्चीतच ताठ झाला.

"काय झालं? बोल ना! कोंबडी दमत आली!"

"ही आपली वेळ नाही. हे जगाचं घड्याळ आहे. सगळ्या देशांनी हिशेबाला धरलेलं एकच घड्याळ. भारत त्याच्या साडेपाच तास पुढे, आपलं हे बेट चार तास पुढे." मग त्यानं timedatectl लिहिलं, अक्षर न् अक्षर जपून. ओळी उतरल्या. "वाच. ही इथली वेळ, अकरा बावन्न. ही खाली जगाची वेळ. किती?"

"अकरा बावन्न."

"दोन्ही एकच! कशा असतील? चार तासांचं अंतर हवं. आणि हे बघ, टाइम झोनच्या पुढे पण तेच, UTC. आणि ही शेवटची ओळ म्हणते, आपोआप वेळ जुळवणं बंद."

"अजून कळेल असं सांग."

"अगं, मशिन आलं तेव्हा ते जगाच्या वेळेवर होतं. चार तास मागे. तेव्हा त्याला 'आपलं गाव कुठलं' ते सांगायला हवं होतं. कुणीतरी ते न करता काटेच पुढे ढकलले. वरून सगळं बरोबर! पण आतून याला अजून वाटतंय की जगात अकरा बावन्न वाजलेत. म्हणून मंगळवारी यानं कार्यालयाला कळवलं, 'जगाच्या घड्याळानं सव्वानऊ.' तिथलं मशिन शहाणं. त्यानं चार मिळवले आणि लिहिलं, सव्वाएक!"

वकिलीनं कागदावरची लाल रेघ पुन्हा बघितली. मग म्हणाली, "म्हणजे मी पाहिलेला दीड खरा होता. कागदावरचा सव्वाएक खोटा होता. आणि मी माझं खरं त्या खोट्याला नेऊन चिकटवलं."

"कागदावर उतरव सगळं," खटपट्या म्हणाला. "रडायला नंतर वेळ मिळेल."

बाहेर मामाचा आवाज आला. "चिमणे, ही कोंबडी तुझ्यापेक्षा धडधाकट आहे!"

जेवताना तिघं नुसता भात चिवडत होती. मामी म्हणाली, "काय रे, कुणाचं काय फोडलंत?" तिघांनी एकदम माना हलवल्या. मामा मजेत होता. कोंबडीची गोष्ट सांगून स्वतःच हसत होता. वकिलीच्या मनात आलं, हा किती चांगला आहे. पोहायला यानंच शिकवलं. आणि चार वाजता याच्यासमोर जाऊन उभं राहायचंय.

"आधी त्याला एकट्याला सांगू या का?" तिनं झाडाखाली विचारलं.

"आणि तो म्हणाला, 'बघतो', तर?" खटपट्या म्हणाला. "मामाचं 'बघतो' म्हणजे किती दिवस ते तुला माहीत आहे. नळ अजून गळतोय."

चार वाजता तपासणीच्या बाई आल्या. टेबलावर कागद ठेवला, पेनाचं टोपण काढलं. "त्या बाई कुठे आहेत? सही घ्यायची आहे."

"येतीलच," मामा म्हणाला, खाली बघत.

"त्यांच्याआधी आम्हाला बोलायचंय," वकील म्हणाली. या वेळी खिडकीतून नाही. दारातून, परवानगी मागून.

"अरे वा, आपली चौकस मुलगी! बोल."

"मी बुधवारी चुकले. मला कुणी विचारलं नव्हतं तरी बोलले. आता हे बघा." तिनं होडीचा चुरगळलेला कागद टेबलावर पसरला. रोजचं रात्री दहाला दहा कमी दाखवलं. रिकाम्या सकाळी दाखवल्या. "कुलूप लावलेल्या दवाखान्यात रोज रात्री कोण जातं, बाई?"

बाईंचं पेन थांबलं.

"घड्याळ बरोबर आहे!" मामा म्हणाला. "मी यांना सकाळीच दाखवलंय."

"वरून बरोबर आहे," खटपट्या म्हणाला. "मामा, तूच विचार त्याला. मी सांगतो ते लिही. आम्ही हात लावत नाही."

मामानं दोन बोटांनी, अक्षरं शोधत शोधत लिहिलं. ओळी आल्या. बाई चष्मा लावून वाकल्या. इथली वेळ, जगाची वेळ, दोन्ही चार वाजून सात मिनिटं.

"डॉक्टर," त्या सावकाश म्हणाल्या, "हे मशिन लावलं कुणी?"

"मीच." मामाचा आवाज बारीक झाला. "आलं तेव्हा चार तास मागे होतं. मी पुढे केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पुन्हा मागे! दोनदा झालं असं. मग ते आपोआप जुळवणं मी बंदच करून टाकलं. म्हटलं, याची कटकट नको."

"ते बिचारं रोज बरोबर करत होतं," चिमणी म्हणाली, "आणि तू रोज चुकवत होतास!"

वकिलीला पुढचं विचारायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला शब्द सापडेना.

"मामा, मंगळवारी सव्वानऊला तू कुठे होतास?"

मामानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. हळूहळू त्याचा चेहरा उतरत गेला.

"गाय अडली होती," तो म्हणाला. "निरोप आला. मी लसीचा खोका बाहेर काढत होतो. खोका... खोका मी दारातच ठेवला. आणि पळालो. वासरू वाचलं. परत आलो, खोका आत सरकवला, दार लावलं. मला वाटलं, पाचच मिनिटं गेली असतील."

"एक तास पाच मिनिटं," बाई म्हणाल्या.

"हो."

त्यानं कोपर टेबलावर टेकून कपाळ हातात धरलं. बाईंनी टेबलावरचा कागद उचलला, आडवा फाडला, उभा फाडला. दुसरा कोरा कागद ओढला. "डॉक्टर, आता तुम्ही लिहा. तुमच्या हातानं. मी आमच्या कार्यालयाचं लिहिते. आम्हीही एकच ओळ वाचली." मग मुलांकडे वळून म्हणाल्या, "मुलांनो, आमच्याकडे पगारी माणसं आहेत आणि कुणाला हे दिसलं नाही. शाबास! तुमची नावं मी वर कळवणार."

"माझं नका कळवू," वकील म्हणाली.

मामा उठला. खटपट्याच्या पाठीवर हात ठेवला, चिमणीच्या डोक्यावर ठेवला. "बरं केलंत," एवढंच म्हणाला. वकिलीजवळ आला आणि म्हणाला, "त्यांच्याकडून चावी घेताना मी एक शब्द विचारला नाही गं. बावीस वर्षं त्या इथे आहेत. मी आलो तेव्हा मला इंजेक्शनची पेटी कुठे असते ते त्यांनी दाखवलं होतं."

साडेचार झाले तरी मावशी आल्या नाहीत. सहीलासुद्धा नाहीत. मग मामा आणि तिघं मुलं त्यांच्याकडे गेली.

दोन खोल्यांचं घर. मावशी दारातच बसल्या होत्या, अंगात साधी साडी. स्वेटर नव्हता. चिमणीला त्या ओळखूच आल्या नाहीत. किती लहान दिसत होत्या!

मामानं सगळं सांगितलं, स्वतःचं काही न झाकता. मावशींनी ऐकून घेतलं.

"म्हणजे माझं नाव निघालं त्यातून," त्या म्हणाल्या.

"निघालं. उद्यापासून या. मी सगळ्यांसमोर माफी मागतो."

"सगळ्यांसमोर काय करायचीय? चावी घेतलीत तेव्हा आपण दोघंच होतो."

मामानं चावी काढून पुढे धरली.

"येईन मी," मावशी म्हणाल्या. "नवी लस येईल, ती कुणी नीट लावून ठेवायला नको का? वासरांनी माझं काय वाईट केलंय? पण डॉक्टर, पूर्वीसारखं नाही व्हायचं हो. रोज दार लावताना मला वाटणार, कुणी लिहून घेतंय."

मामा मान हलवून बाहेर जाऊन उभा राहिला. खटपट्या आणि चिमणी त्याच्या मागोमाग गेले. वकील तिथेच उभी.

"मावशी, मी—"

"तू खरंच बोललीस. झाडाखाली होतेच मी."

"खरं बोलले म्हणून बरोबर झालं नाही ना."

मावशींनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "नाही झालं," त्या म्हणाल्या. त्यांनी ते गोड करून सांगितलं नाही.

वकील खाली जमिनीवर बसली. "बुधवारी तुम्ही म्हणत होतात, 'मी आले तेव्हा'... आणि मी मधेच बोलले. तुम्ही आलात तेव्हा काय?"

"आता काय करायचंय ते?"

"मला ऐकायचंय."

मावशींनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "मी बाराला आले तेव्हा बाटल्यांना पाणी सुटलं होतं. चिठ्ठ्या ओल्या. हाताला कळतं ना आपल्या. दार मघाशीच कधीतरी उघडं राहिलं असणार, हे मला तिथल्या तिथे कळलं होतं. सांगायला डॉक्टरांकडे गेले तर ते फोनवर. हातानंच म्हणाले, 'नंतर.' बुधवारी बाईंना सांगायला गेले तर..."

त्या थांबल्या. वकिलीला सगळं एकदम दिसलं. ना कागद लागला असता, ना काळी खिडकी, ना कोंबडी. बुधवारी ते एक वाक्य पुरं होऊ दिलं असतं, तर बुधवारीच सगळं संपलं असतं. तिला ते मोठ्यानं म्हणावंसं वाटलं. ओठांपर्यंत आलंही.

ती गप्प राहिली.

"तर त्या मंगळवारीच मी एकेक बाटली पुसली," मावशी पुढे म्हणाल्या, "आणि बाजूला ठेवली. म्हटलं, ही वासरांना टोचू द्यायची नाही. तेव्हाच आरडाओरडा करायला हवा होता मी. चुकलंच माझं ते..."

त्या बोलत राहिल्या. बाहेर चिमणीनं दोनदा हाक मारली. वकील उठली नाही.